डिलीट केलंय, पण असू द्या

कुठल्याही ऑफिसातल्या सिस्टिमवाल्या पोराला विचारा, त्याच्याकडे दोनच प्रकारची गिऱ्हाइकं येतात. पहिलं गिऱ्हाईक फोनवर, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात: "अरे, मंगळवारची ती व्हेंडरची मेल चुकून उडाली, जरा परत आणून दे ना." दुसरं गिऱ्हाईक फोन करत नाही, स्वतः येतं. दार लोटून घेतं, खुर्ची पुढे ओढतं, गावाकडे पाऊसपाणी कसं आहे विचारतं, आणि मग हळूच मुद्द्यावर येतं: "एक सांग, मेल डिलीट केली, ट्रॅशमधूनही काढली, म्हणजे ती गेली ना? म्हणजे अगदी गेलीच ना?" पहिल्याला 'नाही मिळणार' म्हटलं तर तो कंपनीच्या कॉम्प्युटर विभागाच्या नावाने खडे फोडतो. दुसऱ्याला 'मिळेल की' म्हटलं तर त्याला पाणी द्यावं लागतं. आणि हे दोघे बहुतेक वेळा एकच गृहस्थ असतात.

माणसाने डिलीट केलेली मेल सर्व्हरने ठेवावी की टाकावी, यावर इंजिनियर, वकील, सरकारं आणि खाजगीपणाचे कैवारी अशा सगळ्यांची भांडणं कित्येक वर्षं चालू आहेत. दोन्हीकडचे मुद्दे ऐकून घेतल्यावर माझं असं मत झालं आहे, की या भांडणात दोन पक्ष नाहीतच. पक्ष एकच आहे, आणि त्याचा जाहीरनामाही एका ओळीचा आहे: माझी पुसा, त्याची ठेवा.

आता, डिलीट दाबलं की मेल पुसली जाते असा आपला समज असतो. सर्व्हरचा तसा समज नसतो. पीओपी नावाची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात तुम्ही 'पूस' म्हटलंत की सर्व्हर तत्परतेने 'बरं' म्हणतो आणि काहीही करत नाही. नुसती खूण करून ठेवतो. तुम्ही रीतसर निरोप घेऊन बाहेर पडलात, की मग पुसतो. मध्येच लाइन तुटली तर हुकूम रद्द, मेल जागच्या जागी. डायल-अपच्या काळात, घरात कुणी फोनचा रिसीव्हर उचलला की इंटरनेट मान टाकायचं तेव्हा, पुसलेल्या मेल पुन्हा पुन्हा उतरायच्या त्या यामुळेच. शिव्या मात्र रिसीव्हर उचलणाऱ्या आत्याला बसायच्या.

पुढे आयमॅप पद्धत रुळली. तिथे तर पुसलेली मेल यादीत तशीच बसून राहते, फक्त तिच्या कपाळावर 'डिलीटेड' असा शिक्का मारलेला असतो. काही प्रोग्रॅममध्ये तिच्यावर आडवी रेघ दिसते. रेघेखालचं सगळं वाचता येतं, आणि रेघ मारली आहे म्हणून जरा जास्तच आवडीने वाचलं जातं. ती खरोखर हलवायची तर 'एक्स्पंज' असा वेगळा हुकूम द्यावा लागतो. विधानसभेत अध्यक्ष 'हे शब्द कामकाजातून काढून टाका' म्हणतात ना, तो हाच हुकूम. आणि परिणामही तोच. तोवर गॅलरीतल्या पत्रकारांचं लिहून झालेलं असतं.

मोठ्या ऑफिसांतून बऱ्याच ठिकाणी मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर असतो. तिथे ट्रॅशच्याही खाली एक तळघर आहे. पूर्वी त्याला 'डम्पस्टर' म्हणत, हल्ली 'रिकव्हरेबल आयटम्स' असं सोज्वळ नाव आहे. ट्रॅश रिकामा केलात की मेल तिथे जाऊन पडते, आणि कंपनीने वेगळं काही ठरवलं नसेल तर 14 दिवस पडून राहते. कंपनीच्या वकिलाने त्यावर 'होल्ड' लावला असेल, तर वकिलाची फी संपेपर्यंत. जीमेलमध्ये ट्रॅशची मुदत 30 दिवसांची. तिथूनही काढून टाकलं तर चालत्या यंत्रणेतून पुरतं नाहीसं व्हायला साधारण दोन महिने लागतात आणि बॅकअपमध्ये ते सहा महिन्यांपर्यंत राहू शकतं, असं गूगल स्वतःच सांगतं. म्हणजे डिलीट हे बटण नाही, अर्ज आहे. तो तुम्ही योग्य मार्गाने सादर करायचा, पुढची कार्यवाही यथावकाश होते.

बरं, सगळेच काही पुसण्यासाठी डिलीट दाबत नाहीत. एका अकाउंट्सच्या साहेबांना मी ओळखतो, त्यांची ऑफिसच्या आयुष्यातली सगळी महत्त्वाची मेल 'डिलीटेड आयटम्स'मध्ये असे. त्यांचा हिशोब सरळ होता. इनबॉक्समध्ये असतील ती करायची कामं; काम झालं की डिलीट. फोल्डर बनवा, त्याला नाव द्या, मेल ओढत नेऊन त्यात टाका, एवढ्या उपद्व्यापापेक्षा एक बटण दाबलं की मेल समोरून जाते आणि हवी तेव्हा कचऱ्यात मिळते. नव्याने आलेल्या सिस्टिमवाल्याने जागा मोकळी करायला म्हणून एका शनिवारी सर्वांचा ट्रॅश उपसला. सोमवारी साहेब त्याच्या टेबलाशी उभे. पोरगा म्हणाला, "सर, कचऱ्याच्या पेटीत कुणी महत्त्वाचे कागद ठेवतं का?" साहेब म्हणाले, "आणि दुसऱ्याच्या कचऱ्याच्या पेटीत न विचारता कुणी हात घालतं का?" यावर त्या पोराकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. ही तक्रार त्या एका साहेबांची आहे असंही नाही. मेल सांभाळणाऱ्या कुणालाही भेटा, त्याच्या संग्रही असा एक साहेब निघतोच.

उलट्या बाजूचा साहेब पाहायचा तर 1986च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनला जावं लागेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत ऑलिव्हर नॉर्थ नावाचे लष्करी अधिकारी होते आणि त्यांच्या वरती जॉन पॉइंडेक्स्टर हे राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार. इराणला गुपचूप शस्त्रं विकायची आणि त्यातले पैसे निकाराग्वातल्या बंडखोरांना पोचवायचे, असा उद्योग चालला होता. तो उघडकीला येतो आहे म्हटल्यावर साफसफाई सुरू झाली. कागदांसाठी श्रेडर होता, आणि तो बिचारा इमानदार निघाला. नॉर्थ यांच्या सेक्रेटरी फॉन हॉल यांनी उरलेले काही कागद कपड्यांत आणि बुटांत लपवून बाहेर नेले. राहता राहिली मेल. व्हाइट हाउसमध्ये आयबीएमची 'प्रॉफ्स' नावाची मेल-यंत्रणा होती. दोघांनी बसून डिलीट दाबायला सुरुवात केली. एकट्या पॉइंडेक्स्टर यांनी पाच हजारांवर संदेश पुसले. राष्ट्रीय सुरक्षेचा सल्लागार टेबलाशी बसून पाच हजार वेळा डिलीट म्हणतो आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहा. त्या बोटाचं मला फार वाईट वाटतं.

कारण इमारतीत कुठेतरी एक टेप फिरत होती. यंत्रणेचा नेमाने बॅकअप घेणारी. टेप फिरवणाऱ्या माणसाला ना इराणशी देणंघेणं, ना निकाराग्वाशी. यंत्र बंद पडलं तर साहेबांची मेल जायला नको, एवढीच त्याची कळकळ. चौकशी आयोग आला, टेपा मागवल्या, आणि पुसलेली मेल सुखरूप बाहेर आली. पुढल्या वर्षी नॉर्थ यांनी संसदेच्या समितीपुढे सांगून टाकलं, की बटण दाबलं म्हणजे कायमचं गेलं असं आम्ही सगळे मनापासून समजत होतो. एवढं प्रांजळ वाक्य त्या प्रकरणात दुसरं कुणी बोललं असेल असं वाटत नाही.

शहाणपण यायला हवं होतं, पण सरकारला आलं ते निराळंच: टेपाच पुसाव्यात. जानेवारी 1989मध्ये, राष्ट्राध्यक्ष रेगन यांची मुदत संपायच्या आदल्या दिवशी, काही पत्रकार आणि संशोधक कोर्टात धावले आणि ते थांबवून आले. तो खटला चांगला चार वर्षं चालला. 1993मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, की मेल हासुद्धा सरकारी दस्तऐवजच आहे. आणि मेलची प्रिंट काढून ठेवली म्हणजे मेल ठेवली असं होत नाही, कारण कुणी कुणाला कधी धाडली हे सगळं त्या कागदावर उतरत नाही. हा निकाल ध्यानात ठेवा. आमच्या सोसायटीत तो लागू होत नाही, पण ते पुढे.

नॉर्थसाहेबांची मेल निदान आयोगाने वाचली. एन्रॉनवाल्यांची सगळ्या जगाने वाचली. एन्रॉन म्हटलं की मराठी माणसाला ह्यूस्टन आठवत नाही, गुहागर आठवतं. दाभोळचा वीजप्रकल्प, त्यावरची आंदोलनं, तो समुद्रात बुडवण्याची 1995च्या निवडणुकीतली भाषा, मग बुडवण्याऐवजी झालेला नवा करार. 2001च्या डिसेंबरात कंपनीच बुडाली, समुद्राची मदत न घेता. कॅलिफोर्नियात विजेचे भाव कुणी चढवले याची चौकशी करताना अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने कंपनीची मेल ताब्यात घेतली आणि 2003मध्ये जाहीर करून टाकली. साधारण दीडशे माणसांची, बहुतेक वरिष्ठांची, सुमारे पाच लाख पत्रं. आजही कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून कुणीही ती उतरवून घेऊ शकतो. मेलमधला कचरा ओळखायला शिकणाऱ्या कित्येक प्रोग्रॅमांनी धुळाक्षरं गिरवली ती याच पत्रांवर.

त्या ढिगात प्रत्येक माणसाच्या नावाचं एक कपाट आहे, आणि त्यात त्याने लावलेले खण जसेच्या तसे. एक खण आलेल्या पत्रांचा, एक धाडलेल्यांचा, आणि पुष्कळांच्या कपाटात एक खण असतो त्याचं नाव 'डिलीटेड आयटम्स'. त्या माणसाने समोरून दूर केलेली पत्रं, डिलीट केली आहेत असं वर लिहून, जगाला वाचायला ठेवलेली. फुटबॉलच्या पैजा, जेवायला कुठे जायचं याची बोलणी, फॉरवर्ड केलेले पाचकळ विनोद. अब्जावधींच्या घोटाळ्याचे पुरावे शोधायला बसलेल्या संशोधकाला अर्धा दिवस हे वाचावं लागतं. त्या मोठ्या ढिगात दाभोळचीही मेल आहे. आपल्याकडे या प्रकल्पाचे कागद बघायला लोकांनी चपला झिजवल्या, आणि ह्यूस्टनच्या साहेबांनी त्यावर आपसांत काय लिहिलं ते कुणीही घरबसल्या, चहा पीत वाचावं. एन्रॉनकडून महाराष्ट्राला विनामोबदला मिळालेली ही एकमेव गोष्ट असावी.

या सगळ्याचा धसका सर्वांत जास्त घेतला तो वकिलांनी, आणि त्याचं त्यांनी सोनं केलं. पूर्वी वकील सांगत, जपून ठेवा. मग सांगू लागले, जपून ठेवू नका. हल्ली सांगतात, काय जपायचं आणि काय नाही याचं धोरण लिहून ठेवा, आणि ते आम्हीच लिहून देऊ. धोरण कशाला? तर न्यूयॉर्कला यूबीएस बँकेविरुद्ध लॉरा झुबुलाके या बाईंनी भेदभावाचा दावा लावला होता. काही मेल बँकेतल्या माणसांनी पुसल्या होत्या, काही बॅकअपच्या टेपांत सापडल्या, काही टेपा जागेवर नव्हत्या. न्यायाधीश शिरा शिंडलिन यांनी ज्यूरीला सांगितलं, की पुसलेल्या मेलमध्ये बँकेच्या विरुद्धच काहीतरी होतं असं तुम्ही खुशाल समजू शकता. 2005मध्ये ज्यूरीने बँकेला सुमारे 2.9 कोटी डॉलरना झोपवलं. म्हणजे मेल ठेवली तर ती वाचतात, आणि पुसली तर न वाचताच अंदाज बांधतात. अंदाज नेहमी मूळ मजकुरापेक्षा भारी असतो, हे लग्न जमवणाऱ्या कुणालाही विचारा.

आपल्याकडच्या कायद्याचंही फार वेगळं नाही. 2021चे नियम सांगतात, की माणसाने खातं बंद केलं तरी नोंदणीच्या वेळी त्याने दिलेली माहिती कंपनीने 180 दिवस ठेवायची. 2023चा डेटा संरक्षणाचा कायदा सांगतो, की माणसाने पुसा म्हटलं तर पुसायचं. दुसरा कुठला कायदा ठेवा म्हणत नसेल तर. दुसरा कायदा बहुधा म्हणतच असतो. सरकारी कार्यालयांनी मात्र या पेचातून फार पूर्वीच वाट काढली आहे. माहिती अधिकारात अर्ज करा, उत्तर येतं: 'सदर नस्ती शोध घेऊनही आढळून येत नाही.' ठेवली म्हणावी तर दिसत नाही, पुसली म्हणावी तर पुरावा नाही. सर्व्हर बनवणाऱ्यांना ही अवस्था अजून साधलेली नाही.

ठेवण्याच्या बाजूने बोलायचं तर इतिहासाची मंडळी सर्वांत पुढे असतात, आणि त्यांना बोलायचा हक्कही आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरातले रुमाल सोडून जुनी पत्रं वाचत बसले, म्हणून 1898मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड निघाला, आणि पानिपताच्या आधीच्या दहाबारा वर्षांतली माणसं आपसांत खरोखर काय बोलत होती ते आपल्याला कळलं. असे बावीस खंड. ज्यांची पत्रं होती त्यांना कुणी विचारलं नव्हतं. नाना फडणीसांनी मेणवलीला दप्तर सांभाळलं ते हिशोबासाठी आणि राजकारणासाठी, पुढे पीएच.डी. करणाऱ्यांच्या सोयीसाठी नव्हे. चार पानं भरून मजकूर लिहायचा आणि शेवटी 'बहुत काय लिहिणे' म्हणायचं, ही ज्यांची रीत, त्यांच्या हाताशी डिलीट असतं तर त्यांनी काय काय उडवलं असतं, या विचाराने भारत इतिहास संशोधक मंडळात कुणालाही कापरं भरेल. पण त्याच मंडळींपैकी एखाद्याला विचारा, की तुमची स्वतःची गेल्या वीस वर्षांतली मेल जशीच्या तशी मंडळाला द्याल का? द्यायचं ठरवून आधी चाळायला बसतील. आणि चाळता चाळता पुष्कळ उडेल.

एरवी आपली पत्रं ठेवणारी यंत्रणा आपल्याला कधी गोड लागते आणि कधी कडू, याचा उत्तम दाखला जीमेलनेच दिला. 1 एप्रिल 2004 रोजी गूगलने जाहीर केलं, की आम्ही एक जीबी जागा फुकट देतो. हॉटमेल तेव्हा दोन एमबी देत असे, त्यामुळे पुष्कळांना ही एप्रिल फूलची थट्टा वाटली. एवढी जागा आहे तर पुसायचं कशाला, असा गूगलचा खाक्या. सुरुवातीला डिलीटचं वेगळं बटणसुद्धा नव्हतं. ती सोय एका यादीत शोधून काढावी लागे. बटण 2006मध्ये आलं. वर नियमावलीत लिहिलं होतं, की तुम्ही पुसलेल्या मेलच्या प्रती आमच्याकडे राहू शकतात. झालं, नागरी हक्कांच्या संघटनांनी रान उठवलं, एकत्र सह्या करून गूगलला पत्र धाडलं. मग 2011च्या फेब्रुवारीअखेर एक दिवस काही लोकांनी जीमेल उघडलं तर खातं धुतल्यासारखं स्वच्छ. नव्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीने सगळं उडालं होतं. शंभरातल्या एकालाही नाही, 0.02 टक्के लोकांनाच फटका बसला. पण आपण त्या 0.02मध्ये असलो की ते शंभर टक्केच असतं. गूगलने टेपांवरच्या प्रतींतून सगळं परत आणलं. त्या दिवशी एकाही संघटनेने विचारलं नाही, की या प्रती तुम्ही ठेवल्याच का म्हणून.

आणि मुळात, सर्व्हरने पुसून भागतं कुठे? मेल ही दोन टोकांची गोष्ट आहे. आपल्या टोकाला आग लावली तरी दुसऱ्या टोकाला ती इस्त्री करून ठेवलेली असते. यावर उपाय म्हणून आउटलुकने 'रीकॉल' काढलं. रागाच्या भरात लिहिलेली मेल चुकून सगळ्यांना गेली की माणूस घाईघाईने रीकॉल दाबतो. त्यावर पुष्कळदा होतं काय, तर सगळ्यांना दुसरी मेल जाते, की अमुक गृहस्थ आपली मघाची मेल परत घेऊ इच्छितात. जिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं, ती मग जेवण सोडून वाचली जाते. व्हॉट्सॲपने 2017पासून 'सगळ्यांसाठी डिलीट'ची सोय केली आणि मागे एक पाटी सोडली, की इथला मेसेज डिलीट केला आहे. कुटुंबाच्या ग्रुपवर पहाटे सहाला मामींच्या नावाखाली ही पाटी दिसली की संपलं. काय होतं, कुणाला उद्देशून होतं, वन्संनी वाचलं का, यावर दुपारपर्यंत चार स्वतंत्र उपग्रुपांत खल होतो. मूळ मेसेज बहुधा गुलाबाच्या फुलावर सुप्रभात लिहिलेला असतो, आदल्या दिवशीचाच.

तेव्हा मला विचाराल तर सर्व्हरने महिनाभर ठेवावं, कारण माणूस उतावळा आहे. महिन्यानंतर खरंच पुसावं, कारण माणूस तेवढ्यात शहाणाही होतो. आणि कंपनीचा किंवा सरकारचा कारभार असेल तर तिथल्या साहेबाच्या हाती ते बटणच देऊ नये. ती मेल त्याची नसते, खुर्चीची असते. मधल्या काळात सर्व्हरने खोटं बोलू नये, एवढंच. 'डिलीट झालं' न म्हणता 'आपला अर्ज मिळाला' म्हणावं. हे मत मी अनेकांना ऐकवलं आहे. सर्वांना पटतं, आणि मग प्रत्येक जण विचारतो, "पण आपल्याला ठाऊक असलेली एखादी मेल मध्येच काढता येईल ना?"

आमच्या सोसायटीत हा प्रश्न गेल्या वार्षिक सभेत प्रत्यक्षात आला. नव्या कमिटीने जुन्या कमिटीकडून कारभार घेतला: शिक्का, चेकबुक, भागदाखल्यांची वही, पंपरूमच्या किल्ल्या, आणि एका चिठ्ठीवर सोसायटीच्या जीमेलचा पासवर्ड. नव्या सेक्रेटरीबाईंनी खातं उघडलं तर आत शुकशुकाट. इनबॉक्स रिकामा, सेंट रिकामं, ट्रॅश झाडून पुसून लख्ख. होती ती ऑनलाइन रमीची एक जाहिरात. तिकडे गच्ची गळायला लागलेली, आणि वॉटरप्रूफिंगवाल्याने दिलेलं दहा वर्षांच्या गॅरंटीचं पत्र मेलवरच आलेलं.

"जागा भरली होती," जुने सेक्रेटरी म्हणाले.

"पंधरा जीबी?" सी विंगमधला आयटीतला मुलगा म्हणाला. "सोसायटीच्या मेलने?"

"लोक फोटो पाठवतात ना. गळतीचे."

मग सभा तापली. ट्रॅशही रिकामा केलाय म्हटल्यावर आपल्या हातात काही राहत नाही, असं त्या मुलाने समजावून सांगितलं. एका सभासदांनी सूचना मांडली, की गूगल कंपनीस ठराव करून पत्र पाठवावं. दुसऱ्यांनी विचारलं, की गूगल सहकार कायद्याखाली येते का. येत नसेल तर उपनिबंधकांकडे जाऊ, असं तिसऱ्यांनी सुचवलं. ठरावाला अनुमोदक मिळत असतानाच मागच्या रांगेतून बी विंगमधले काका उठले. काका हिशोब-तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. सोसायटीच्या प्रत्येक मेलवर त्यांना सीसीत ठेवलं नाही तर तक्रार करणारे, म्हणून सगळे त्यांना सीसीत ठेवत. "दहा मिनिटं थांबा," म्हणाले आणि गेले.

परत आले ते तीन बॉक्स फाइली घेऊन. सोसायटीची सगळी मेल, छापून, भोकं पाडून, दोऱ्याने ओवून. प्रत्येक पानावर लाल शाईने क्रमांक, आणि पुढे अनुक्रमणिका, वळणदार अक्षरात. 1993च्या त्या अमेरिकन निकालाप्रमाणे यातल्या एकाही कागदाला मेल म्हणता आलं नसतं. पण गॅरंटीचं पत्र दोन मिनिटांत सापडलं आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. लोकशाहीचा हा असा विजय सोसायटीच्या सभेत सहसा होत नाही.

इथे थांबायला हवं होतं. पण फाइल उघडी होती आणि नव्या सेक्रेटरीबाई पानं उलटत राहिल्या. भोवती माणसं जमली. मेंटेनन्स कुणी कधी थकवला, कुणाच्या कुत्र्याबद्दल कुणी काय लिहिलं, सगळं हळूहळू वर यायला लागलं. बाई एका ठिकाणी थबकल्या.

"काका, शेहेचाळीसनंतर एकदम अठ्ठेचाळीस आहे. अनुक्रमणिकेत तर लिहिलंय: सत्तेचाळीस, पार्किंगबाबत, चेअरमन यांस."

काकांनी चष्मा पुसला. "ते पान मी काढलंय," म्हणाले. "ते खाजगी होतं."

इतका वेळ खाली मान घालून बसलेले जुने सेक्रेटरी पहिल्यांदाच हसले. खिशातून फोन काढत म्हणाले, "माझ्याकडे आहे ते. तेवढं एक मी माझ्या खात्यावर पाठवून ठेवलं होतं."

त्यावर दोघे बाहेर जिन्यापाशी जाऊन काहीतरी बोलून आले. इतिवृत्तात लिहिलं गेलं, की सोसायटीच्या जुन्या पत्रव्यवहाराबाबत खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली, गॅरंटीचं पत्र प्राप्त झालं, आणि उर्वरित विषय पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आला.